जळका जॉब आणि काळा दगड : ग्राइंडिंग प्रकल्पाच्या नोंदी

सोमवार, १० जून २०२४

प्रकल्पाला आजपासून सुरुवात. भाग दोन आहेत आणि दोन्हीकडे ग्राइंडिंगच आहे, पण एरवी या दोन विषयांची माणसं एका टेबलावर बसत नाहीत. पहिला भाग कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका जॉबवर्क शॉपमध्ये : केस हार्डन केलेल्या, म्हणजे वरची कातडी कडक केलेल्या, शाफ्टचं सिलिंड्रिकल ग्राइंडिंग. दुसरा खनिज प्रयोगशाळेत : क्रशरवरची काळ्या दगडाची भुकटी बॉल मिलमध्ये अजून बारीक करायला किती वीज लागेल, ते काढायचं. सरांनी दोन्ही एकाच वहीत लिहायला सांगितलंय. त्यांचं म्हणणं असं की दोन्हीकडे मीटर एकच लावायचा, किलोवॅटचा. मग बघू काय दिसतं.

शॉपची अडचण साधी आणि महागडी आहे. शाफ्ट २० एमएनसीआर ५ पोलादाचा, ४० मिमी व्यासाचा, कार्ब्युरायझिंग करून (पृष्ठभागात कार्बन मुरवून) ६० एचआरसीपर्यंत (हे कठीणपणाचं माप) कडक केलेला. त्यावरचा २५ मिमी रुंदीचा पट्टा प्लंज पद्धतीनं, म्हणजे व्हील सरळ आत दाबत, घासायचा. गिऱ्हाइकाकडे एचिंग (ॲसिडनं पृष्ठभाग तपासणं) केल्यावर काही शाफ्टांवर काळसर डाग येतात आणि लॉट परत येतो. मालकांना विचारलं, किती लॉट परत आले? ते म्हणाले, "आकडा लिहू नका, एवढंच लिहा की परवडत नाही."

गुरुवार, १३ जून

व्हीलच्या मोटरला पॉवर ॲनालायझर लावला. मोटर साडेपाच किलोवॅटची. व्हील पांढऱ्या ॲल्युमिना दाण्याचं, ६० ग्रिट (दाण्याचा आकार), के ग्रेड (दाणे किती घट्ट धरलेत ते), व्हिट्रिफाइड बाँड (दाणे धरणारा भाजलेला जोड), ४०० मिमी व्यास. स्पिंडल १५९० आरपीएमवर, म्हणजे परिघाला सेकंदाला साधारण ३३ मीटर. नवीन व्हील चढवताना मशिन चालवणाऱ्या मामांनी आधी ते हातात लटकवून लाकडी दांड्यानं चार ठिकाणी टिचकी मारून पाहिलं. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर आत तडा. मग दोन्ही बाजूंना जाड कागदाचे ब्लॉटर, फ्लँज आवळून गार्ड लावलं, आणि मशिन चालू करून सगळे बाजूला उभे. ही पद्धत सगळ्यांना पाठ असते, पाळणारे थोडे. मामा पाळतात.

कूलंट (थंड करायला सोडलेलं तेल-पाणी) चालू ठेवून व्हील नुसतं फिरवलं तर ०.९ किलोवॅट खातं. पुढच्या सगळ्या आकड्यांतून एवढे वजा करायचे. नुसतं मोटरचं रीडिंग बघून 'लोड वाढला' म्हणण्यात अर्थ नाही, कारण व्हीलनं अंगावर घेतलेलं कूलंट फेकायलाच त्यातला बराच भाग जातो.

मंगळवार, १८ जून

पहिले खरे आकडे.

इनफीड (व्हील जॉबमध्ये आत सरकण्याचा वेग) त्रिज्येवर मिनिटाला ०.६ मिमी. ४० मिमी व्यास आणि २५ मिमी रुंदी धरली तर सेकंदाला सुमारे ३१ घन मिमी पोलाद निघतं. नुकतंच ड्रेसिंग मारलेलं (हिऱ्याच्या टोकानं घासून धार काढलेलं) व्हील निव्वळ १.१ किलोवॅट घेतं. म्हणजे दर घन मिमीला ३५ जूल. जॉब (घासायचे नग) होत जातात तसं व्हील बोथट होतं आणि आकडा चढतो : १.४ किलोवॅटला ४५ जूल, १.९ ला ६० जूल. माल तेवढाच निघतोय, वीज मात्र पावणेदोन पट.

हे ६० जूल म्हणजे किती, ते कळायला एक मोजमाप सोबत ठेवावं. लोखंड खोलीच्या तापमानापासून पार वितळवायला दर घन मिमीला साधारण १० जूल पुरतात. टर्निंगमध्ये पोलाद काढायला दोन ते पाच. म्हणजे आपण त्या पोलादाला वितळवण्याच्या सहापट ऊर्जा देतोय आणि चिप तर वितळून वाहत नाही. मग उरलेली ऊर्जा गेली कुठे? थोडी व्हीलमध्ये, थोडी कूलंटमध्ये, आणि ॲल्युमिनाचं व्हील असेल तर सगळ्यात मोठा वाटा जॉबच्या अंगात. ॲल्युमिना उष्णता नीट वाहून नेत नाही, पोलाद नेतं.

स्टीफन मॅल्किन यांनी ही ऊर्जा तीन कामांत वाटून दाखवली होती : चिप कापणं, धातू बाजूला रेटणं आणि नुसतं घासणं. चिप कापायची ऊर्जा पोलादाला जवळपास ठरलेली, दर घन मिमीला १४ जूलच्या आसपास. चढतं ते तिसरं खातं. दाण्याचं टोक झिजून सपाट झालं की ते कापत नाही, जॉबवरून रगडत जातं. मामा हेच त्यांच्या भाषेत सांगतात : बोथट विळ्यानं ऊस तोडल्यागत, जोर सगळा मनगटाला.

गुरुवार, २० जून

पाऊस, दुपारभर वीज नाही. कूलंट तपासलं. रिफ्रॅक्टोमीटरवर तेलाचं प्रमाण, फॅक्टर धरून, दोन टक्क्यांच्या जरा वर, पाहिजे चार ते पाच. रोज नुसतं पाणी ओतून लेव्हल भरत होते. टाकीशेजारी आता मोजमापाचा मग ठेवलाय.

मंगळवार, २५ जून

आज एचिंगचं टेबल शॉपमध्येच मांडलं. गिऱ्हाइकाकडून डाग कळण्यापेक्षा आपल्याला आधी कळलेलं बरं.

क्रम असा. जॉब तेलविरहित स्वच्छ करायचा, बोटांचा ठसासुद्धा नको. मग नायटल, म्हणजे अल्कोहोलमध्ये चार टक्के नायट्रिक ॲसिड; त्यात काही सेकंद. पाण्यानं धुऊन अल्कोहोलमध्ये. नंतर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या अल्कोहोलमध्ये ब्लीच, पुन्हा धुणं, अल्कलीत न्यूट्रल करणं आणि शेवटी तेल. नायटल लागेल तेवढंच बनवायचं, नायट्रिकचं प्रमाण वाढवायचं नाही आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून कपाटात विसरायचं नाही. आत गॅस धरतो, बाटली फुटू शकते. गॉगल आणि हातमोजे घातल्याशिवाय टेबलाकडे कुणी फिरकायचं नाही, हे मालकांनी स्वतः भिंतीवर लिहून लावलं.

चांगला जॉब सगळीकडे सारखा फिकट राखाडी दिसतो. जळक्या जॉबवर तिरके, काळपट-तपकिरी पट्टे उठतात. हा शाफ्ट हार्डनिंगनंतर १५० ते १८० अंशांवर टेम्पर केलेला (ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवलेला) असतो. ग्राइंडिंगमध्ये कातडी त्याहून वर तापली की तेवढी जागा पुन्हा टेम्पर होते, नरम पडते, आणि नायटल तिला काळं करतं. आज एका शाफ्टवर मात्र काळ्या किनारीत पांढरा ठिपका निघाला. ते जास्त वाईट. तिथं तापमान ऑस्टेनाइटपर्यंत, म्हणजे पोलादाची आतली रचनाच बदलते तिथपर्यंत, गेलं, मागून कूलंट पडलं आणि तेवढाच ठिपका पुन्हा हार्डन झाला. ठिसूळ, भोवती नरम कडं, तडा जायला अगदी तयार. त्या शाफ्टचा तुकडा कापून मायक्रोहार्डनेस घेतला : गाभ्याकडच्या चांगल्या केसमध्ये ७०० एचव्ही (कठीणपणाचंच दुसरं माप), काळ्या पट्ट्याखाली ५६०.

मामांनी या शाफ्टकडे बराच वेळ पाहिलं. घासल्यावर तो आरशासारखा होता, नजरेला निळी-पिवळी झाक कुठेच नव्हती. ती झाक वरच्या ऑक्साइडची असते. शेवटी स्पार्क-आऊटला (व्हील पुढे न सरकवता नुसतं घासताना) दोन-चार मायक्रॉन निघाले की ती पुसली जाते, खालची नरम कातडी तशीच राहते. "म्हणजे आजपर्यंत डोळ्यानं पास केलेलं सगळं…" एवढं म्हणून ते मशिनकडे गेले.

आजच्या जॉबांचं रीडिंग आणि एचिंग शेजारी मांडलं तर रेषा साफ दिसते. निव्वळ १.५ किलोवॅटच्या खाली डाग नाही. १.६ च्या वर जवळजवळ प्रत्येक जॉबवर डाग. मीटर एचिंगच्या आधीच सांगतोय.

शुक्रवार, २८ जून

शॉपमधला जुना तोडगा तपासला : "जळतंय? मग हळू घे." बोथट व्हील तसंच ठेवून इनफीड अर्धा केला, मिनिटाला ०.३ मिमी. माल अर्धा निघतोय, पण पॉवर १.९ वरून फक्त १.६ वर आली. दर घन मिमीला १०० जूलच्या वर! प्लंजला आधी साडेबारा सेकंद लागत होते, आता २५. म्हणजे व्हील तेवढ्याच जोरानं दुप्पट वेळ रगडतंय. डाग गेले नाहीत, थोडे फिकट झाले.

उलटा प्रयोग जास्त बोलका निघाला. इनफीड पुन्हा ०.६, फक्त जॉबचा वेग ६० आरपीएमवरून १२० केला. प्रत्येक फेऱ्याला दहाऐवजी पाच मायक्रॉन कट. पॉवर किंचित वाढलीच, पण डागांची सुरुवात १.६ ऐवजी १.८ च्या पुढे सरकली. तापलेला पट्टा जॉबवरून लवकर पुढे सरकतो, एका जागेला भाजायला वेळच मिळत नाही. मामांना हे पटायला जड गेलं. जॉब जोरात फिरवला तर जास्त तापेल असंच कुणालाही वाटेल. लांब, बारीक शाफ्टला मात्र १२० वर चॅटर (थरथर) येईल. या जाड शाफ्टला आला नाही.

मंगळवार, २ जुलै

कूलंटच्या टाकीतला गाळ रॉकेलमध्ये धुऊन वाळवला, लोहचुंबकानं पोलाद वेगळं काढलं आणि मायक्रोस्कोपखाली ठेवलं. बहुतेक चिपा अगदी लेथच्या चिपांच्या बाळआवृत्ती : वळलेल्या, एका अंगाला गुळगुळीत, दुसऱ्या अंगाला दातेरी. व्हीलचा प्रत्येक दाणा खरोखर एक कटिंग टूल असतो, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि असं बघणं वेगळं. मधेमधे चापट पापुद्रे, ते रगडलेले. तुटलेल्या ॲल्युमिनाचे पारदर्शक खडे चुंबकाला चिकटलेल्या गाळातूनही अडकून आले होते.

मग टूलरूममधल्या कोरड्या ग्राइंडरखालची धूळ घेतली. तिच्यात गोळे! अगदी गोल, काळे चकचकीत, काही पोकळ. चिप तापून सुटते, हवेत पेट घेते, ऑक्सिडेशनची उष्णता तिला वितळवते आणि उडता-उडता ती गोल होते. ठिणगी म्हणून आपण जे बघतो ते हेच. कूलंटच्या गाळात असे गोळे क्वचित, कारण चिपेला हवा मिळायच्या आधी पाणी मिळतं. म्हणून ठिणग्यांच्या मोठेपणावरून व्हीलच्या आतल्या तापमानाचा अंदाज बांधू नये. ठिणगीत हवेचाही वाटा असतो.

मंगळवार, ९ जुलै

आता दगड. खनिज प्रयोगशाळेच्या मॅडमनी बाँड मिल (या चाचणीची ठरावीक मापाची बॉल मिल) मोकळी करून दिली. ३०५ मिमी व्यास, तेवढीच लांबी, मिनिटाला ७० फेरे. आत २८५ पोलादी गोळे, सुमारे २० किलो. सगळ्यात मोठे ३७ मिमीच्या आसपास, तसे ४३. ते मोजून घ्यावेच लागतात. आधीच्या बॅचनं एखादा गोळा बादलीत ठेवून दिला असेल तर चाचणी गेली.

फ्रेड बाँड अमेरिकेत ॲलिस-चामर्स कंपनीत होते. त्यांनी १९५२ मध्ये मांडलेलं सूत्र आजही जगभरच्या गिरण्यांचं माप ठरवायला वापरतात : दगड बारीक करायची ऊर्जा कणाच्या आकाराच्या वर्गमुळाच्या व्यस्तावर अवलंबून. म्हणजे जितकं बारीक, तितका पुढचा प्रत्येक टप्पा महाग. प्रत्येक दगडाला एक वर्क इंडेक्स, म्हणजे तो दळायला किती ऊर्जा लागते त्याचा आकडा. बाँडच्या कोष्टकात चुनखडी ११.६, मँगनीज खनिज १२.५, बॉक्साइट ९.५, आणि आपला काळा दगड, बेसॉल्ट, २०.४. अभ्रक १३४! अभ्रक कठीण नाही, पण गोळा पडला की ते फुटत नाही, वाकतं आणि पापुद्रे सुटतात. फुटण्याचा आणि कठीणपणाचा संबंध आपण समजतो तेवढा सरळ नाही.

नमुना मॅडमनी आधीच चाळून ठेवला होता, ३.३५ मिमीच्या खालचा. सिलिंडरमध्ये थोपटून-थोपटून ७०० घनसेंमी भरला, वजन सव्वा किलोच्या जरा खाली. ही भरलेली मापं पुढे प्रत्येक सायकलला कामाला येतात.

गुरुवार, ११ जुलै

दिवसभर तेच : मिल फिरवायची, रिकामी करायची, गोळे वेगळे, १०६ मायक्रॉनची चाळणी, खाली पडलेलं तोलायचं, तेवढाच नवा माल घालून पुन्हा आत. पहिल्यांदा १०० फेरे, मग हिशेबानं. चाळणीवर उरलेला माल नव्या मालाच्या अडीच पट होईपर्यंत आणि प्रत्येक फेऱ्यामागे तयार होणारी भुकटी स्थिर होईपर्यंत. संध्याकाळी ती दर फेऱ्याला एक ग्रॅमवर बसली, फेरे ३१० च्या आसपास. काळी धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून मास्क, तरी रुमाल काळा.

चाळणी ठोकताना मॅडम म्हणाल्या, "तुमचं मशिन सेकंदाला घन मिलिमीटर मोजतं, आमचे लोक तासाला टन. एकदा तरी एका एककात मांडा." वाट्याला आलेलं काम.

शुक्रवार, १२ जुलै

आकडा आला. नमुन्याचा ऐंशी टक्के माल सुरुवातीला २२०० मायक्रॉनखाली, शेवटी ८२ मायक्रॉनखाली. बाँडच्या सूत्रानं वर्क इंडेक्स १७.१, पण तो शॉर्ट टनाला, म्हणजे लहान अमेरिकन टनाला. मेट्रिक टनाला १८.८ किलोवॅट-तास. जुन्या अमेरिकन कोष्टकाचा आकडा आणि आपला मेट्रिक आकडा शेजारी ठेवून तुलना करणारे अहवाल बघितलेत, तिथे दहा टक्के असेच हवेत जातात. कोष्टकातल्या २०.४ शी तुलना १७.१ चीच करायची. क्रशरमधून आलेल्या दगडात आधीच केसासारख्या भेगा असतात, त्यामुळे तो थोडा सोपा पडला असावा, असं मॅडमचं मत. मलाही पटतं.

मंगळवार, १६ जुलै

एका एककात मांडलं.

दगड : २२०० वरून ८२ मायक्रॉनवर आणायला टनाला १६.८ किलोवॅट-तास.

पोलाद : दर घन मिमीला ४५ जूल. एक टन पोलाद म्हणजे सुमारे १२.७ कोटी घन मिमी. गुणाकार केला तर टनाला जवळपास १,६०० किलोवॅट-तास.

पंचाण्णव पट. सरांना वाटलं शून्य चुकलंय. त्यांनी स्वतः पुन्हा केलं, तेवढंच आलं.

यावरून पोलादाचं ग्राइंडिंग वाया घालवणारं आणि दगडाचं काटकसरीचं, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. दगड ठिसूळ, त्यात भेग एकदा सुरू झाली की स्वतःच्या जोरावर पळते. तरीही मिलमध्ये घातलेल्या विजेपैकी नवा पृष्ठभाग तयार करायला जेमतेम टक्काभर लागते, बाकी गोळे एकमेकांवर आपटण्यात, घासण्यात, शेवटी उष्णतेत. पोलाद फुटत नाही, ते प्रत्येक चिपेमागे ओढून-ताणून कातरावं लागतं. दोन्ही ठिकाणी शेवट उष्णतेतच. फरक आहे तो ती उष्णता कशात पसरते याचा. १६.८ किलोवॅट-तास एका टन दगडात सगळे मुरले तरी दगड सुमारे ७० अंशांनी तापेल, हाताला चटका, एवढंच. शाफ्टमध्ये तीच उष्णता काही मिलिसेकंदांत केसाहून पातळ कातडीत घुसते.

दगडवाल्यांनाही उष्णता सुटलेली नाही. सिमेंटच्या बॉल मिलमध्ये टनाला तीस किलोवॅट-तासांच्या आसपास जातात. हिशेबानं माल शंभर अंशांहून जास्त तापायला हवा, आणि तापतोच. म्हणून मिलच्या आत पाण्याचा फवारा मारतात. नाहीतर क्लिंकरबरोबर (सिमेंटचे भाजलेले खडे) घातलेल्या जिप्समचं पाणी उडतं आणि ते सिमेंट कालवल्यावर भलत्याच वेळी आवळतं. चंद्रपूरकडच्या सिमेंट कारखान्यात काम केलेला एक मित्र म्हणाला, "आम्ही मिलच्या आउटलेटच्या तापमानावर नजर ठेवून दिवस काढायचो." आमच्या शॉपमध्ये तशी नजर ठेवायला जागाच नव्हती, आता किलोवॅट आहेत.

उद्या आषाढी, शॉप बंद.

शुक्रवार, १९ जुलै

ड्रेसिंग. शॉपमध्ये डायमंड अगदी सावकाश फिरवायची रीत, मिनिटाला ६० मिमी. व्हीलच्या प्रत्येक फेऱ्यामागे ०.०४ मिमीसुद्धा नाही. डायमंडचं टोक साधारण ०.४ मिमी रुंद घासतं, म्हणजे व्हीलच्या एकाच जागेवरून ते दहा वेळा जातं. फिनिश सुंदर येतं, पण दाणे ड्रेसिंगमध्येच सपाट होऊन येतात. नवीन ड्रेस केलेलं व्हील जन्मतःच अर्धं बोथट.

वेग मिनिटाला २०० मिमी केला, खोली २० मायक्रॉनच. आता एका जागेवरून तीन वेळा. डायमंड दहा-पंधरा अंश कलता ठेवला आणि मधूनमधून फिरवून नवी धार पुढे आणायची, हे मामा आधीपासूनच करतात. सुरुवातीची पॉवर १.१ वरून ०.९ वर आली आणि १.५ गाठायला आधीपेक्षा बरेच जास्त जॉब लागले. फिनिश (आरए, खडबडीतपणाचं माप) ०.३ वरून ०.४५ वर गेलं. ड्रॉइंगवर ०.६ मान्य आहे. गिऱ्हाइकानं न मागितलेल्या चकाकीसाठी आपण जॉब जाळत होतो, असा याचा सरळ अर्थ.

सीबीएन (क्युबिक बोरॉन नायट्राइडच्या दाण्याचं) व्हील घ्यावं का, अशी चर्चा झाली. सीबीएन उष्णता चांगली वाहून नेतं, धार टिकवतं. हिरा त्याहून कठीण, पण तापलेल्या लोखंडात त्याचा कार्बन विरघळतो, म्हणून पोलादाला सीबीएन. पण या मशिनला त्याची किंमत आणि ड्रेसिंगची व्यवस्था दोन्ही झेपणार नाही. विषय बाजूला.

शुक्रवार, २६ जुलै

पंचगंगा ४३ फुटांच्या धोक्याच्या पातळीवर. निम्मे कामगार गावात अडकलेले. काम बंद. पॅनेल आणि ॲनालायझर उंचावर चढवून ठेवले.

मंगळवार, ६ ऑगस्ट

कूलंटचा नोझल. सध्या एक गोल पाइप आहे, वाकवून व्हीलकडे केलेला, आणि धार जॉबवर पडते. बघायला भरपूर पाणी. पण व्हील सेकंदाला ३३ मीटरनं पळतंय आणि आपल्याबरोबर हवेचा पदर ओढून आणतंय. पंपाचा दाब ०.३ बार, म्हणजे धारेचा वेग आठ मीटरही नाही. ती त्या हवेवरच आपटून उडते. व्हील आणि जॉब जिथं भेटतात तिथं पोचतच नाही. जे थोडं पोचतं ते उकळतं; आणि एकदा वाफेचा थर बसला की थंड करणं संपलं.

३३ मीटरचा वेग हवा तर साध्या सूत्रानं ५.४ बार लागतात. नव्या नोझलच्या चिरेचं माप २५ बाय ०.८ मिमी ठेवलं, मिनिटाला ४० लिटर, ०.७५ किलोवॅटचा पंप पुरतो. नोझल शॉपमध्येच मिल करून घेतला. शिवाय व्हीलच्या पाठीमागे हवा तोडायला पत्र्याची पट्टी, व्हीलपासून मिलिमीटरभर. व्हील झिजेल तशी ती पुढे घ्यावी लागते. हे कोण करणार, असं मालकांनी विचारल्यावर मामांनी हात वर केला.

मंगळवार, १३ ऑगस्ट

नोझल लावून जॉब घेतले. जॉबचा वेग १२०, ड्रेसिंग नवीन, इनफीड ०.६. व्हील मुद्दाम बोथट होऊ दिलं. एचिंगवर पहिला फिकट डाग निव्वळ २.१ किलोवॅटला आला. जूनमध्ये तो १.६ ला येत होता. पाणी जास्त उडतं, गार्डच्या फटीतून धार थेट मामांच्या बुटात जात होती. रबरी पडदा लावला.

आज एक गोष्ट मनाला लागून राहिली. एकाच कंपनीच्या, एकाच मार्किंगच्या दोन व्हीलांत सुरुवातीच्याच पॉवरचा फरक दिसतोय, ड्रेसिंग तेच असून. ग्रेडच्या अक्षरातला 'के' प्रत्येक वेळी तेवढाच 'के' नसतो. म्हणून मर्यादा व्हीलवर नाही, किलोवॅटवरच बांधायला हवी.

गुरुवार, २२ ऑगस्ट

क्रशरवाल्यांना अहवाल दिला. मिल कोरडी चालवायची तर बाँडच्या आकड्याला १.३ नं गुणायचं. ८२ मायक्रॉनसाठी टनाला सुमारे २२ युनिट, आणि २५० मायक्रॉनवर थांबलं तर दहा. युनिटला नऊ रुपये धरले तर १९६ विरुद्ध ९२ रुपये, गोळ्यांची झीज वेगळी. ज्या ब्लॉकवाल्यासाठी ही भुकटी हवी होती त्याला २५० चालतं का, हे त्यांनी अजून विचारलंच नव्हतं. आमच्यासमोर फोन लावला. चालतं म्हणाला.

गुरुवार, २९ ऑगस्ट

शॉपमधल्या मीटरला रिले जोडला. निव्वळ १.७ किलोवॅटला पिवळा दिवा : हा जॉब पुरा करायचा आणि ड्रेसिंग मारायचं. १.९ ला लाल : जॉब बाजूला, एचिंगला पाठवायचा. डाग २.१ ला येतात, पण नोझल अर्धा चोंदला किंवा पत्रा मागे राहिला तर मर्यादा खाली येणार, म्हणून एवढी मोकळीक. जॉब मोजून ड्रेसिंग मारायची रीत बंद.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या शाफ्टचा लॉट येतोय : २२ मिमी व्यास, लांब, मधे स्टीडी (टेकू) लावावी लागेल. १२० आरपीएमवर तो थरथरणार. त्याच्यासाठी १.७ आणि १.९ उपयोगाचे नाहीत, नवे आकडे काढायचे. मामांनी जुन्या व्हीलवरच पहिले दोन जॉब घेऊन एचिंगच्या टेबलावर ठेवलेत.